मोहल्ल्यात नृत्यकेंद्र काढायचंय? आधी किल्ली कोणाकडे राहील ते ठरवा

आमचं पहिलं केंद्र साडेतीन महिन्यांत बंद पडलं. मुली होत्या, शिकवणारी होती, समाजभवनाची परवानगीही होती. फक्त समाजभवनाच्या मागच्या घरातल्या काकांना कोणी विचारलं नव्हतं. काका हिंगणा एमआयडीसीत रात्रपाळीला जायचे आणि ड्युटीवर निघण्याआधी संध्याकाळी दोन तास डोळा लावायचे. नेमकं त्याच वेळी पंधरा पोरींचे तीस पाय कोटा फरशीवर ‘ता थेई थेई तत’ सुरू करायचे. एक दिवस काका बनियनवरच दारात आले आणि हात जोडून म्हणाले, “ताई, काहून जीव घेऊन राह्यल्या हो?” भांडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात समाजभवनाची किल्ली ज्यांच्याकडे होती, ते गावाला गेले आणि परतलेच नाहीत, म्हणजे आमच्यापुरते तरी. अर्थ आम्हाला कळला.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती वर्षभराने, दक्षिण नागपुरातल्या त्याच लेआऊटमध्ये, त्याच भवनात. ते केंद्र अजून चालू आहे. खाली लिहिलंय ते या दोन सुरुवातींमधल्या फरकातून आलेलं. नाच शिकवता येणारी माणसं नागपुरात भरपूर आहेत. केंद्र टिकतं ते मोहल्ला तुम्हाला रोजचा दीड तास देतो म्हणून, आणि तो दीड तास मागून घ्यावा लागतो.

आधी पंधरा दिवस नुसतं फिरा

बॅनर छापायच्या आधी वही घ्या आणि घरोघरी जा. “नाच शिकायला आवडेल का?” हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. “मंगळवारी साडेपाचला पोरगी कुठं असते?” असं विचारा. मग खरं चित्र दिसतं. आमच्याकडे असं दिसलं: शाळेची व्हॅन सव्वापाचला येते, सातवीच्या वरच्या सगळ्यांची ट्युशन साडेसहाला, घरकामाला जाणाऱ्या बायका सहाच्या आत परतत नाहीत, मंदिरात सातला आरती, बचतगटाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. नळ कोणत्या गल्लीत किती वाजता येतो हेही लिहून घ्या. पाण्याच्या वेळेला लावलेला बायकांचा वर्ग ओस पडतो, आणि आपण उगाच समजतो की बायकांना रस नाही.

हे सगळं एका मोठ्या कागदावर तासांच्या रकान्यांत मांडा. रिकामे रकाने म्हणजे तुमचं केंद्र. आमच्या कागदावर तीनच निघाले: लहान मुलींसाठी साडेपाच ते साडेसहा, बायकांसाठी सकाळी साडेदहा ते साडेअकरा, आणि मोठ्या मुलामुलींसाठी रविवारची सकाळ. काकांच्या झोपेचा रकाना लाल पेनाने रंगवला. लहान मुलींची वेळ त्यांच्या झोपेत येत होती, म्हणून पहिला अर्धा तास बसून हस्तमुद्रा, टाळी-खाली आणि बोल म्हणणं, नंतरचा अर्धा तास पायांचं काम, असं ठरवलं. काका सहाला उठतात.

मोजणीही करा. किमान पंचवीस घरांनी नाव आणि वेळ लिहून दिली तरच पुढे जा. तोंडी होकारांतले अर्धे पहिल्या महिन्यात गळतात.

काय शिकवायचं

सगळं शिकवायचा मोह आवरा. कथ्थक, भरतनाट्यम, लावणी, बॉलीवूड, झुंबा असं सगळं बॅनरवर लिहिणारं केंद्र सहसा यातलं एकही धड शिकवत नाही. एक कणा ठरवा, बाकी त्याच्या भोवती.

आमचा कणा कथ्थक. कारण साधं आहे. जवळच कथ्थक शिकवणारी मिळाली आणि पालकांना परीक्षा हव्या होत्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद अशी ती शिडी. पुढच्या पायऱ्यांना लेखी पेपरही असतो. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळू शकतात, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. हे पालकांना नववीतच सांगा. मार्चमध्ये धावत येणाऱ्या आया मी दरवर्षी बघते.

परीक्षा हा कणा चालेल, पण फक्त परीक्षा नको. दरवर्षी एक तरी गोष्ट आपल्या मातीतली ठेवा. झाडीपट्टीची दंडार आहे, भुलाबाईची गाणी आहेत, गोंडांचं रेला आहे, मेळघाटातल्या कोरकूंचं गादली-सुसून आहे. भुलाबाई तर फारच सोपी सुरुवात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा महिना, गाणी आज्यांना पाठ, पदर खोचून फेर धरला की झालं, वर शेवटी खिरापत. आमचा बायकांचा वर्ग त्यातूनच उभा राहिला. “आम्हाले नाही जमत नाचणं” म्हणणाऱ्या सत्तरीच्या काकू भुलाबाईच्या फेरात सगळ्यांत पुढे होत्या.

इथे जरा थांबून एक तक्रार करते. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ साली वसवलं. त्याच शहरातल्या संमेलनांत ‘आदिवासी नृत्य’ म्हणजे भाड्याच्या दुकानातला पिसांचा मुकुट, तोंडाला काळे-पांढरे पट्टे आणि ‘हू हू’ असं चालतं. असलं काही बसवू नका. रेला शिकायचं तर तो समाजात नाचणाऱ्या माणसाला बोलवा, मानधन द्या, आणि ती पावलं कोणत्या प्रसंगाची हे आधी विचारा. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तिथल्या महोत्सवांना वेगवेगळ्या राज्यांतली पथकं येतात. मुलांना घेऊन जा आणि बघू द्या.

मुलगे येत नाहीत ही सगळ्यांचीच रड. आमच्याकडे ते विसर्जनाच्या संदल वाद्यपथकापुढे आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चार-चार तास नाचतात, मग वर्गात काहून नाही? कारण बॅनरवर घुंगरू घातलेली मुलगी होती. रविवारच्या वर्गाला आम्ही ‘ताल’ असं नाव दिलं, पहिले दोन महिने ढोलक आणि पायांची लय एवढंच ठेवलं, अन् नऊ पोट्टे आले. आता त्यातले चार तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजून तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, बरोबर समेवर, पहिल्या मात्रेवर, आणतात.

जागा

समाजभवन, मंदिराचा हॉल, शाळेचा वर्ग, कोणाच्या तरी घराचा वरचा मजला किंवा भाड्याचा गाळा, एवढेच पर्याय असतात. माझा हिशेब असा: लहान मुलाला पंचवीस-तीस चौरस फूट, मोठ्याला चाळीस-पन्नास. म्हणजे २० बाय १५ च्या खोलीत दहा-बारा मुली, त्यापुढे कोपर लागायला सुरुवात होते. छत कमीत कमी दहा फूट हवं, नाहीतर मोठ्या मुलांचे हात पंख्याला जातात. शौचालय असेल तरच जागा बघा. नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडा.

नागपुरात बहुतेक समाजभवनं मनपाच्या नाहीतर नागपूर सुधार प्रन्यासच्या जमिनीवर असतात आणि चालवायला एखाद्या स्थानिक मंडळाकडे दिलेली असतात. किल्ली एकाकडे, ठराव करणारे दुसरे, आणि लग्नाचं बुकिंग घेणारा तिसराच. तिघांनाही भेटा. मंडळाच्या बैठकीत ठराव घ्या, त्यात वार, वेळ, भाडं, विजेचं बिल कोण भरणार आणि लग्नाचं बुकिंग आलं तर किती दिवस आधी कळवायचं, हे शब्दांत लिहून घ्या आणि ठरावाची सहीशिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. मे महिन्यात लग्नं असणारच. कधीकधी सकाळी दार उघडलं की आदल्या रात्रीच्या कांद्याची सालं आणि प्लास्टिकचे ग्लास आपली वाट बघत असतात. झाडू आपला ठेवा, तो मागायला जाऊ नका.

गाळा भाड्याने घेत असाल तर ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे कुठलाही दलाल सांगेल. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. वीज व्यापारी दराने लागेल की घरगुती, हेही आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. घरगुती मीटरवर वर्ग चालवला आणि तपासणी झाली, तर दंड तुमच्याच माथी येतो.

फरशी

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण नवी केंद्रं आरशांवर पैसा घालतात आणि फरशी तशीच ठेवतात. कोटा, टाइल, सिमेंट, सगळं थेट जमिनीला चिकटलेलं असतं. कथ्थकमध्ये टाच आणि तळवा एका तासात शेकडो वेळा आपटतो. तो दणका फरशी घेत नाही, नडगी आणि गुडघा घेतात. आमच्या पहिल्या वर्षी एका मुलीची नडगी इतकी दुखायला लागली की तिला शाळेची पायरीही चढवेना. डॉक्टरांनी सहा आठवडे नाच बंद केला.

लाकडी फरशी हवी ती खाली पोकळी ठेवून. जागा कायमची असेल तर जमिनीवर रबराचे तुकडे, त्यावर फुटाफुटावर लाकडी पट्ट्या, त्यावर १९ मिलिमीटरचा प्लायवूड. किंवा १२ मिलिमीटरचे दोन थर, वरचा थर खालच्याला आडवा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. ८ बाय ४ चं एक शीट ३२ चौरस फूट भरतं, म्हणजे २० बाय १५ च्या खोलीला एका थराला दहा शीट लागतात. प्लाय पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचाच घ्या, आणि टाकण्याआधी वाळवीचं औषध मारून घ्या. नागपूरच्या काळ्या मातीतली वाळवी दोन पावसाळ्यांत स्वस्त प्लायचा भुगा करते. भिंतीपासून अर्धा इंच जागा सोडा, लाकूड पावसात फुगतं. फरशी तीनेक इंच वर येते, म्हणून दार खालून कापावं लागेल हे सुताराला आधीच सांगा.

समाजभवनात कायमचं काही ठोकता येत नाही. आम्ही ४ बाय ४ चे बारा पाट करून घेतले, खाली पट्ट्या आणि रबर. एक पाट वीसेक किलोचा, दोघांनी उचलायचा. वर्गाआधी मांडायचे, नंतर भिंतीला लावून ठेवायचे. शेजारच्या दोन पाटांना खालून कडी-कोयंडा लावला की ते सरकत नाहीत. हे काम मोठ्या मुलींकडे असतं, दहा मिनिटं लागतात आणि त्यात वॉर्मअपही होतो. पाट आले आणि काकांनी स्वतःहून सांगितलं, “आवाज अर्धा झाला.” आम्ही पाट गुडघ्यांसाठी केले होते. शेजार शांत झाला तो असाच, अनायासे.

पॉलिश करू नका, पाय घसरतो. खाली खिळ्याचं डोकं वर आलंय का हे दर सोमवारी हात फिरवून बघा. आरसे लावायचेच तर ६ मिलिमीटरचे, मागे फिल्म चिकटवलेले, आणि वर पडदा. अर्धा वर्ग पडदा ओढून घ्या; आरशात बघून नाचणारी मुलं रंगमंचावर गेली की दिशा चुकतात.

नवतपा आणि कूलर

नागपूरचा मे. पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. एप्रिलच्या मध्यापासून सकाळचे वर्ग सात ते नऊ या वेळात सरकवा, संध्याकाळचे साडेसहानंतर. पाण्याचा माठ आत ठेवा, बाहेर ठेवलेलं पाणी चहाला लागेल इतकं तापतं. कोणाला चक्कर आली, घाम यायचा थांबला, बोलण्यात असंबद्धता आली, तर आधी थंड पाण्याने अंग पुसा आणि लगेच दवाखान्यात न्या. “थोडं बसू दे, ठीक होईल” म्हणू नका.

वाळ्याच्या ताटीचा कूलर कोरड्या उन्हात उत्तम. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर खोली दमट करतो आणि फरशी निसरडी होते. तेव्हा ताटी काढून नुसता पंखा चालवा.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ओल्या पायांची, अनवाणी मुलं आणि लोखंडी कूलर एका खोलीत, याहून वाईट जोडी नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण, बसवून घ्या. ते महागडं नाही. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा. आमच्याकडे कूलरभोवती फरशीवर पिवळी रेघ आखलेली आहे, तिच्या आत मुलांनी जायचं नाही.

आवाज

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप मिळतं, काटेकोर नसलं तरी अंदाज येतो. शेजाऱ्याच्या खिडकीत उभं राहून मोजा, तुमच्या हॉलमध्ये नाही.

नियम तुमच्या बाजूने असला तरी शेजारी नसेल तर काही उपयोग नाही. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, घुमतो. टेबलावर ठेवा, तोंड मागच्या भिंतीऐवजी मुलांकडे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात घुंगरू आणि स्पीकर बंद, फक्त तोंडी बोल आणि हातावर ताल. कोणाकडे मयत झाली तर तेराव्यापर्यंत त्या गल्लीकडचा वर्ग आवाजाशिवाय घ्या, कोणी सांगायची वाट बघू नका. आणि दिवाळीत आजूबाजूच्या दहा घरांत चिवड्याची पिशवी पोचवा. त्यातली पहिली काकांकडे जाते.

कागदपत्रं

पहिलं वर्ष चार जणांनी मिळून, वहीत हिशेब ठेवून काढलं तरी चालतं. लगेच संस्था काढायची घाई करू नका. ज्यांना नंतर वेळ नसतो अशीच माणसं उत्साहात सह्या करतात. वर्षभर कोण रविवारी झाडू घेऊन येतं ते बघा, त्यांनाच घ्या.

संस्था करायची तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. काम धर्मादाय कार्यालयात होतं. घटनेत उद्दिष्टं लिहिताना ‘नृत्य’ एवढंच लिहू नका. कला, संस्कृती, आरोग्य, महिला आणि बालविकास असे शब्द असू द्या, पुढे अनुदानाला अर्ज करताना अडत नाही. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा विसरल्यामुळे कित्येक मंडळांची कागदावरची कार्यकारिणी पंधरा वर्षं जुनी असते, त्यातले दोघं तर स्वर्गवासी. दरवर्षी हिशेब तपासून घ्या. देणगीदारांना आयकरात सवलत हवी असेल, लोक जिला ८०जी म्हणतात ती, तर त्यासाठी आयकर विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, तो सीएकडून करून घ्या.

पैसा

हे आकडे समजण्यापुरते घ्या. पंचेचाळीस मुलं, महिना ५०० रुपये फी. त्यातली दहा फी देऊ शकत नाहीत, म्हणजे पस्तीस देणारी: १७,५०० रुपये. कथ्थकच्या बाई ८,०००, रविवारचे सर ४,०००, भवनाचं भाडं ३,०००, वीज १,५००, किरकोळ १,०००. बेरीज १७,५००. बघा, शून्य उरलं. आणि मे-जूनमध्ये अर्धी मुलं मामाच्या गावाला. अठरा मुलांचे ९,०००, दर महिन्याला ८,५०० चा खड्डा, दोन महिन्यांचा १७,०००. म्हणून फी ५०० नाही, ५५० ठेवायची: वरचे पन्नास गुणिले पस्तीस गुणिले दहा महिने, १७,५०० रुपये, ते वेगळ्या खात्यात. उन्हाळ्यात शिक्षकांचं मानधन कापणारी केंद्रं जुलैत नवे शिक्षक शोधत फिरतात.

ज्यांना फी नाही ती नावं फक्त दोघांना माहीत असावीत. यादी भिंतीवर लावू नका. आमच्याकडे पैसे पाकिटातून येतात, सगळ्यांकडून, पाकीट रिकामं असलं तरी. वहीत खूण होते, एवढंच.

शिक्षक आणि मुलांची काळजी

शिक्षकाशी एका पानाचा करार करा: किती वर्ग, किती मानधन, कोणत्या तारखेला, सुट्टी घेताना किती दिवस आधी कळवायचं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात आणि चांगल्या शिक्षकांना नाच बसवण्याची भरपूर कामं येतात. त्या दोन महिन्यांत वर्गाला दांडी पडणारच. ते नाकारून चालत नाही, बदली माणूस आधीच तयार ठेवा.

मुलांच्या बाबतीत मात्र सवलत नाही. शिकवणाऱ्या प्रत्येकाची पोलीस चारित्र्य पडताळणी करून घ्या, तबलजींचीही, ओळखीतले असले तरी. एकट्या मुलाला एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड ठेवायचं नाही. शरीर दुरुस्त करताना आधी तोंडाने सांगायचं, हात लावायचा तर विचारून. कपडे बदलायला वेगळी, आतून कडी असलेली जागा. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. मूल कोणाबरोबर घरी जातं हे वहीत लिहिलेलं हवं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि पोलिसांना कळवलं नाही, तर न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘मोहल्ल्याची बदनामी’ हे कारण तिथे चालत नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा, मुलांच्या मदतीचा, नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा, तुमच्या उंचीला नाही.

वर्षाची मांडणी

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणून प्रवेश जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तान्हा पोळा आणि मारबतीच्या दिवशी वर्ग ठेवू नका, कोणी येत नाही. गणपतीत आपल्या गल्लीच्या मंडळात दहा मिनिटांचं एक सादरीकरण पुरे. पितृपक्षात मस्कऱ्या गणपती बसतो, भोसल्यांच्या काळापासूनची खास नागपुरी परंपरा, आणि तिथे लावणी, खडी गंमत अशा करमणुकीला मान असतो. मुलांच्या पहिल्या सादरीकरणाला ती जागा मला सगळ्यांत आवडते, कारण प्रेक्षक हसायला आलेले असतात, चुका मोजायला नाही. मग भुलाबाई, कोजागिरी, आणि नोव्हेंबरात परीक्षा.

वार्षिक कार्यक्रम डिसेंबरात ठेवू नका. हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीत बंदोबस्त, मोर्चे, बंद रस्ते; पोशाखाची पेटी घेऊन निघालेली रिक्षा तासभर अडकते. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चांगला. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह बघून जीव हरखतो, पण पंचेचाळीस मुलांच्या केंद्राला ते झेपत नाही. निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या की मुलांचं तोंड उतरतं. पहिली पाच वर्षं भवनासमोरच्या मोकळ्या जागेत करा.

रेकॉर्ड केलेली गाणी सार्वजनिक कार्यक्रमात वाजवायची तर परवाना लागतो: ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल, शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएस, या दोन संस्थांकडून. शैक्षणिक संस्थांच्या आपल्याआपल्यातल्या कार्यक्रमांना कायद्यात सूट आहे, पण खाजगी केंद्राने ती आपल्याला लागू आहेच असं धरून चालू नये, तिकीट लावलं असेल तर मुळीच नाही. प्रत्यक्ष तबला, हार्मोनियम आणि पारंपरिक बंदिश घेतली तर हा प्रश्नच उरत नाही, शिवाय मुलं जिवंत लयीवर नाचायला शिकतात.

पुढच्या रांगेचं राजकारण

केंद्र चालवायला लागलात की भांडणं नाचावरून होत नाहीत, रांगेवरून होतात. “माझी पोरगी मागं काहून?” नगरसेवकांची पुतणी, देणगी देणाऱ्याची नात, बाईंची लाडकी, सगळ्या पुढे आणि ज्यांचं पाकीट रिकामं येतं त्या मागे, असं आपोआप होतं. कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ते सुधारायला कठीण. आमचा नियम: प्रत्येक नाचात तालाच्या दर काही आवर्तनांनंतर रांगा बदलतात. नाच तसाच बसवायचा. बाई सुरुवातीला वैतागल्या, आकृत्या बिघडतात म्हणाल्या. आता त्यांचे नाच याच अदलाबदलीमुळे ओळखले जातात.

महिन्यातून एकदा पालकांची बैठक घ्या, अर्ध्या तासाची, चहा-पोह्यांवर. तर्री असेल तर जास्त लोक येतात. हिशेबाची वही टेबलावर उघडी ठेवा. बहुतेक कोणी वाचत नाही, पण उघडी असते हे सगळ्यांना दिसतं.

आणि किल्ली. पहिल्या केंद्राची किल्ली एकाच घरात होती, हा धडा आम्ही भवनाच्या मंडळापुरता घेतला. स्वतःपुरता घ्यायला चार वर्षं लागली. तोवर दार मी उघडत होते, फी मी घेत होते, बाईंना फोन मी करत होते. मला डेंग्यू झाला तेव्हा केंद्र अकरा दिवस बंद राहिलं. त्यानंतर किल्ल्या तीन केल्या: एक माझ्याकडे, एक रविवारच्या गटातल्या मोठ्या मुलाच्या घरी, एक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खिळ्याला. कामाच्याही तशाच तीन वह्या: हजेरी, पैसा, सामान. तिन्ही वेगवेगळ्या घरांत राहतात, दर जुलैत घरं बदलतात.

मागच्या उन्हाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सहा आठवडे घरी होते. वर्ग एक दिवसही बुडला नाही. परत गेले तेव्हा कोपऱ्यातल्या बिस्किटाच्या डब्यात चार तुटलेल्या माळांचे घुंगरू पडून होते. ते ओवायचं काम कोणाच्याच वहीत नव्हतं, मीच ते गुपचूप करत आले होते. या पावसाळ्यात दोघींना बसवून शिकवायचं आहे: दोरी जाड आणि सुतीच घ्यायची, नायलॉनने घोटा कापतो, प्रत्येक घुंगरानंतर गाठ, लहान मुलीला एका पायाला पन्नास पुरे, आणि टोकाला दोन्हीकडे हातभर दोरी मोकळी सोडायची, नाहीतर बांधता येत नाही.